डावी बाजू, पंखाच्या पुढे

मी विमानातली एक जुनी सीट आहे. खिडकीची. म्हणजे तिकिटावर तसे लिहिलेले असते. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण माझ्या शेजारी खिडकीच नाही.

कारखान्यात मला निळे कापड चढवणारी बाई म्हणाली होती, "ही खिडकीची हं, हिची मजा आहे!" मी हुरळून गेले. विमानात बसवले तेव्हा पुढच्या सीटला खिडकी मिळाली, मागच्या सीटला मिळाली आणि माझ्या वाट्याला कोरी भिंत आली. त्या भिंतीतून हवेची जाड नळी वर जाते, म्हणून तिथे काच बसत नाही.

लोक ऐटीत येत आणि भिंत बघून त्यांचे तोंड उतरे. "माझी खिडकी घरी विसरलात की काय?" असे एकाने हवाईसुंदरीला विचारलेसुद्धा. मी ओशाळून जाई. पण माझी पाठ छान मागे कलत असे, आणि तसे टेकले की मागची खिडकी बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येई. तेवढ्यासाठी लोक माझे कौतुक करत.

मग एका चिडक्या प्रवाशाने तोंडातले च्युइंगगम माझी पाठ मागे घ्यायच्या बटणाच्या खाचेत दाबून बसवले. बटण कामातून गेले. सफाईवाल्या मावशींनी घाईत फडके फिरवले, त्यांच्या ते लक्षात आले नाही. आणि मला? खरे सांगते, मला बरेच वाटले. म्हटले, आता ऊठसूट पाठ मोडून घ्यायला नको.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक आजोबा आले. ते दीपगृहाचे रखवालदार. समुद्रातल्या एका बेटावरचा दिवा त्यांनी उभा जन्म सांभाळला होता. आता नोकरी संपली होती, बायको गेली होती, गुडघ्यांनीही दगा दिला होता. दूरच्या शहरातली लेक त्यांना कायमची आपल्याकडे नेत होती.

"लेकीनं नकाशा घेऊन सगळं बघून ठेवलंय," ते शेजारच्या बाईंना कौतुकाने सांगत होते. "समुद्र डावीकडे येतो. सकाळचं ऊन उजवीकडे, म्हणजे डोळ्यांवर येत नाही. आणि सीट पंखाच्या पुढची, नाहीतर पंखच दिसत राहतो. बेट अगदी खालून जाणार. आमच्या हिची कपडे वाळवायची दोरी अजून असेल तिथं."

बोलता बोलता त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघतच राहिले. मित्रांनो, त्या पोरीचे काहीएक चुकले नव्हते. चुकीचे होते ते माझे 'खिडकीची' हे नाव.

विमान भरलेले होते. मागे खिडकीला टेकून एक आई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. बाई म्हणाल्या, "मी विचारते त्यांना."

"नको, नको. बाळाला आत्ता कुठं झोप लागलीय."

"मग पाठ थोडी मागे घ्या, मागच्या खिडकीतून दिसेल."

आजोबांनी बटण दाबले. पुन्हा दाबले. दोन्ही अंगठे लावून दाबले. मी सगळा जीव एकवटला, पण तसूभरही हलले नाही. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी म्हणाले, "ते बघा बेट!" आजोबांनी भिंतीवर तळवा टेकला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

विमान उतरल्यावर लेकीचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता आणि तिचे बोलणे मलाही ऐकू आले.

"बाबा, दिसलं ना? बाजू बरोबर होती ना?"

"अगदी बरोबर, बाळा. सगळं दिसलं. आईची दोरीसुद्धा."

उठताना त्यांनी माझ्या हातावर थोपटले. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते, तर मला बरे वाटले असते.

मित्रांनो, कुठेही बसलात तरी कुणाच्या खाचेत काही कोंबू नका, आणि काही मोडलेले दिसले तर लगेच सांगा. माझे बटण पुढच्याच दुरुस्तीत ठीक झाले. आता मी हवी तेवढी मागे कलते, आणि बेट आले की मागच्या खिडकीतून स्वच्छ दिसते. ते आजोबा मात्र पुन्हा त्या वाटेने येणार नाहीत.