तिसरी चासी कुणाची

तर झालं असं, की उद्या शर्यत आणि आज सरावात भिंगरीची गाडी कडेच्या फळीवर अशी काही आपटली, की चासीचे सरळ दोन तुकडे! चासी म्हणजे गाडीचा तळ हो. मोटार, बॅटरी, चाकं, सगळं ज्या प्लेटवर बसतं ती. आता ही गाडी म्हणजे रिमोटवरची, हातभर लांबीची, पण खेळणं म्हणालात तर भिंगरी तुमच्याशी बोलणं टाकेल. कार्पेट अंथरलेल्या हॉलमध्ये या गाड्या इतक्या सुसाट पळतात, की नवखा माणूस नुसती मान इकडून तिकडे फिरवत बसतो. आणि भिंगरी हे काही खरं नाव नव्हे. वळणावर तिची गाडी गरगर फिरायची, म्हणून क्लबातल्या पोरांनी ठेवलेलं.

तिचा मेकॅनिक म्हणजे तिचा सख्खा मोठा दादा. वर्कशॉपमध्ये कटिंग मशीनवर कामाला. वर्षभर प्रत्येक रविवारी तो मालकाच्या परवानगीनं त्याच मशीनवर स्वतःची चासी कापत होता. पहिली वाकली, दुसरी चिरली, मग आणखी एक कशानं गेली ते त्यानं घरी सांगितलंच नाही. आता कुठे एक मनासारखी झाली होती. पण मालकानं परवाच ऐकवलं होतं, "गड्या, शर्यतीत पळालेली दाखव, नाहीतर रविवारचं मशीन विसर. लाइटबिल काय तुझा काका भरतो?"

"मग काय, उद्या मी तुझीच चालवते," भिंगरी म्हणाली.

"नाही," दादा म्हणाला. "लाडानं नको. झाकून चालवायची. न बघता निवडलीस तर ती खरी. नाही निवडलीस तर मी हा नाद सोडला, पुन्हा विषय काढायचा नाही."

झाकून चालवणं ही त्यांच्या क्लबातली जुनी रीत. सगळ्या चासींना मोटार सारखी, बॅटरी सारखी, आणि वरचं रंगीत कवच एकच. तेच काढून दुसरीवर चढवायचं. चालवणाऱ्याला आत काय आहे ते कळता कामा नये. म्हणजे मग कंपनीचं नाव, किंमत, कोण काय म्हणालं, सगळं बाजूला पडतं आणि हात खरं बोलतात.

टेबलावर तीन चासी आल्या. एक सगळे वापरतात ती कडक कार्बनची. एक दादाची, मधे लांब खाचा पाडून जरा लवचिक केलेली. आणि एक अॅल्युमिनियमची, ती दुकानदारकाकांची. काका म्हणजे सुट्या भागांचं दुकान चालवणारे, क्लबात सगळ्यांत वयस्कर आणि शर्यतीत कायम शेपटाला. पण गाडी कधी आपटणार नाही हां! इतकी जपून चालवायचे, की पोरं म्हणायची, काका गाडीला हॉर्न बसवून घ्या.

"माझी स्वतःची देतोय तुला," काका म्हणाले. "दुकानात दुसरी नाही. नीट चालव, फिरवू नकोस गरागरा."

"काका, तुमची बैलगाडी मला पहिल्याच वळणावर ओळखू येणार. आणि दादाची पण."

"बघू बघू, मोठी आली ओळखणारी."

दादा आणि काका दोघांनी भिंतीकडे तोंड केलं. चाकं लावायचं आणि कवच चढवायचं काम आईकडे. "मला यातलं काडीचं कळत नाही," आई म्हणाली. लगेच सगळे एका सुरात, "म्हणूनच तुम्ही!" टायरचं काम भिंगरीचं. टायरला औषध चोळायचं, गरम पट्ट्यात गुंडाळून ठेवायचे, तापले की ते कार्पेटला घट्ट धरतात. तीन संच, तीन पट्टे, विजेच्या एकाच बोर्डावर ओळीनं लावले आणि ती रिमोट घेऊन चालकांच्या उंच ओट्यावर चढली.

एक नंबर. गाडी सुटली ती तीरासारखी, पण कार्पेटची शिवण आली की टुणकन उडायची. "ही ती कंपनीची कडक. डोळे मिटून सांगते."

दोन नंबर. अरे, काय सांगू! वळणात आत शिरायची आणि बाहेर पडायची, जणू रुळावर आहे. भिंगरी नुसती हसत सुटली. "हीच! हीच दादाची! दादा, काय केलंयस तू हे!"

भिंतीकडे तोंड करून उभ्या दादाचे कान लाल झालेले तिला ओट्यावरून दिसले.

तीन नंबर. पहिल्या वळणालाच मागची चाकं घसरली. दुसऱ्या वळणाला घसरली. तिसऱ्याला गाडी पूर्ण उलटी फिरून आल्या वाटेकडे बघत बसली. "काका!" भिंगरी ओरडली, "ही चासी आहे का साबणाची वडी? माफ करा, पण हिच्यावर तर भाजीसुद्धा चिरू नये!" हॉलभर हशा पिकला. काका भिंतीकडे बघतच पुटपुटले, "इतकी काही वाईट नाही गं ती."

आईनं कवच काढलं आणि तिन्ही चासी नंबरानं टेबलावर मांडल्या.

दोन नंबरला अॅल्युमिनियम. काकांची.

तीन नंबरला मधे लांब खाचा.

भिंगरी ओट्यावरून धाडकन खाली उतरली. अजून कुणीतरी मागे हसत होतं, ते हसणं मधेच कापल्यासारखं थांबलं. तिनं दादाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, कारण दादा हसण्याचा प्रयत्न करत होता आणि ते बघवत नव्हतं.

"दादा, मी..."

"हात खरं बोलतात," दादा म्हणाला. "बरं झालं कळलं. काकांची घे, छान पळतेय."

"अगं, माझी?" काका स्वतःच इतके चक्रावले होते, की एकदा चासीकडे, एकदा भिंगरीकडे बघत राहिले. "माझी ही? रुळावर असल्यासारखी? माझ्या हातात तर कधी अशी पळाली नाही!"

दादानं दोन नंबर उचलली आणि तपासनीस बाईंच्या टेबलाकडे गेला. बाई चासीच्या पोटाला कागदी शिक्का चिकटवायच्या. एकदा चिकटला की त्या शर्यतीपुरती तीच चासी, मग साक्षात अध्यक्ष आले तरी बदल नाही.

भिंगरी टायर आवरायला वाकली. एक नंबरचे अजून कोमट. दोन नंबरचे कोमट. तीन नंबरच्या गाडीची चाकं आत्ताच फिरून आलेली, पण हात लावला तर गारच्या गार. तिनं पट्टा चाचपला. तोही गार. वायर धरून मागे मागे गेली, तर पट्ट्याची पिन जमिनीवर लोळतेय, आणि बोर्डावर तिच्या जागी काय? तिचा स्वतःचा मोबाइल! मघाशी ओट्यावर चढायच्या आधी तिनंच तो चार्जिंगला लावला होता. जागा नव्हती म्हणून एक पिन काढून. कुठली काढली, बघितलंसुद्धा नव्हतं.

तिनं मोबाइल उपटून काढला.

"आई, हे टायर थंड होते?"

"हो की," आई म्हणाली. "मला वाटलं, शेवटचे म्हणून निवले असतील."

"थांबा! बाई, थांबा! शिक्का नको!" भिंगरी अशी धावली, की वाटेत दोन खुर्च्या आडव्या. "दादा, टायर थंड होते! पिन मी काढली! माझ्या मेल्या फोनसाठी! तुझी चासी घसरली नाही रे, मी घसरवली!"

बाईंचा अंगठा अजून शिक्क्यावर होता. त्यांनी तो सावकाश उचलला. कागद घट्ट बसलेला.

"सोलून काढा ना! आत्ता तर लावलाय!"

"पोरी, इथे प्रत्येकाचा आत्ताच लावलेला असतो," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, दिसत होतं, पण हललं काहीच नाही.

दादाला आधी चासीसाठी आनंद व्हावा की बहिणीचा कान पिळावा, तेच ठरेना. तो नुसता "थंड?" म्हणाला. मग परत "थंड होते?" आणि खाली बसला.

तेवढ्यात काका खाकरले. "मला एक सांगा. माझी चासी हिनं नेली. मग उद्या मी काय रिमोट घेऊन स्वतः पळू?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"माझा शिक्का अजून व्हायचाय. आण ती खाचावाली. शेवटून पहिला येणारा माणूस मी, माझं कुणी काय बिघडवणार?"

"काका, नको," दादा म्हणाला. "तुटली तर?"

"मी गाडी आपटल्याचं तू कधी पाहिलंयस?"

दादानं खाचावाली उचलली आणि काकांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत सुटल्या सुटल्या पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि भिंगरी आपोआप पहिली! तिचा विश्वास बसेना. काकांची चासी खरंच सुंदर पळत होती. आज फिरायचं नाही, आज फिरायचं नाही, असं मनात घोकत ती वळणं घेत होती. मागे कोण आहे बघायची सोय नव्हती, पण लोकांचा आवाज चढत चाललेला ऐकू येत होता. तिला वाटलं, आपल्यासाठी.

मग तिच्या आतल्या बाजूनं, शिवणीवरून जराही न उडता, एक गाडी अलगद पुढे सरकली. धक्का नाही, घाई नाही.

भिंगरीनं ओट्यावर मान वळवून पाहिलं. शेजारी काका! जीभ दाताखाली, डोळे वटारलेले, कपाळावरून घाम ओघळतोय.

"काका, तुम्ही?"

"बोलू नकोस! माझं लक्ष जाईल!"

आणि भिंगरीला काय झालं कुणास ठाऊक, स्वतःची गाडी मागे पडतेय आणि ही बया नाचतेय! "दादा! दादा, बघ! मला मागे टाकलं! अरे, मला मागे टाकलं!" त्या नादात तिची गाडी गर्रकन फिरली, तिसरी आली, तिला त्याचं काहीच नाही.

शेवटची घंटा झाली. काका पहिले. सगळ्या गाड्या थांबल्या, काकांची नाही. त्यांना घंटा ऐकूच आली नव्हती. रिकाम्या कार्पेटवर एकटी गाडी तशीच मन लावून फेऱ्या मारतेय, आणि अख्खा हॉल आ वासून बघतोय. बाईसुद्धा खुर्चीवरून उठलेल्या. शेवटी बॅटरी संपली तेव्हा कुठे ती मधोमध थांबली.

दादा आत गेला. गाडी उचलली, कवच काढलं, पालथी केली आणि प्लेटच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. चीर नाही. वाक नाही. काका ओट्यावरून धापा टाकत खाली आले आणि त्यांनी गाडी सरळ त्याच्या हातातून काढून घेतली.

"अहो काका, मालकाला दाखवायचीय ती."

"मला घेऊन चल त्याच्याकडे, मी दाखवतो," काका गाडी छातीशी धरून म्हणाले. "पण ही आता माझी. तू रविवारी दुसरी काप."