भिंगरीचा राग

भिंगरी चावते, तिला काही दिवस घरीच ठेवा, असं बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा तिचा बाप मान खाली घालून ऐकत राहिला. एका मुलाच्या दंडावर तिचे दात चांगलेच उमटले होते. त्याची आई शेजारीच उभी राहून त्या दंडावर फुंकर घालत होती. तेच बापाला जास्त लागलं.

चार वर्षांची पोर. एका जागी ठरत नाही म्हणून लाडाने भिंगरी. परवापरवापर्यंत तिच्या हट्टाचं घरात कौतुकच होतं. मग तिची आई बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. बाळ एक रात्र जगलं. भिंगरीला कुणी काही सांगितलं नाही. लहान आहे, विसरून जाईल, असं आत्या म्हणाली आणि सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं.

भिंगरी विसरली नाही. बूट घाल म्हटलं की लाथा, दूध पुढे केलं की पेला जमिनीवर. आई एरवी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. चावा बसला की उठून धपाटा घालायची आणि मग स्वतःच रडत बसायची. आत्याच्या मते दोन रट्टे वेळेवर द्यायला हवे होते. बापाने गोळ्या-चॉकलेटं देऊन पाहिली, कोपऱ्यात उभं करून पाहिलं. पोर काही बधेना.

भिंगरीची बालवाडी बंद झाल्यावर तो तिला आपल्या केशकर्तनाच्या दुकानात घेऊन गेला. सकाळ बरी गेली. दुपारी एक गिऱ्हाईक दाढीला बसलं आणि त्याची बायको तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बाकावर टेकली. भिंगरी त्या बाळाकडे टक लावून पाहत राहिली. मग तिने पाण्याची बाटली उचलली आणि आरशावर भिरकावली. आरसा तडकला. बाळ दचकून रडायला लागलं, आणि त्याच्या वर आवाज काढून भिंगरी किंचाळू लागली.

बापाने वस्तरा खाली ठेवला आणि हात उगारला. ती पळाली नाही. डोळे घट्ट मिटून उभी राहिली, आता फटका बसणारच आहे अशी. त्याचा हात आपोआप खाली आला. एका गालावरचा फेस तसाच पुसत गिऱ्हाईक म्हणालं, मागाहून येतो, आणि ते तिघे निघून गेले.

बाप फरशीवरच बसला. ती अंगावर धावून आली, तेव्हा त्याने तिची मनगटं धरली, दुखणार नाहीत अशी.

"मारू देणार नाही तुला," तो म्हणाला. "पण मी कुठे जात नाही. इथेच बसलोय."

ती बराच वेळ झटापट करत राहिली. मग थकून त्याच्या मांडीत कोसळली.

"मी नको म्हणाले होते," ती पुटपुटली.

"काय नको?"

"बाळ. आईच्या पोटाला सांगितलं होतं, येऊ नको. मग ते आलंच नाही."

तो म्हणाला की बाळ आलं होतं, फार छोटं होतं, त्याला श्वास घेता येत नव्हता. कुणी नको म्हटल्याने असं होत नसतं.

"मग कुठंय?"

"मेलं ते, बाळा." हा शब्द त्याने आजवर तोंडातून काढला नव्हता.

ती विचारात पडली. "त्याला केस होते?"

"होते. काळेभोर," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने हे सगळं बायकोला सांगितलं. तिने तोंड न वळवता ऐकलं. मग विचारलं, "पोटाला सांगितलं, असं म्हणाली?" आणि उठून पोरीशेजारी जाऊन झोपली.

चावणं काही एका दिवसात सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळीवरून पुन्हा रण माजलं. आईने भिंगरीचे हात धरले. धपाटा घातला नाही. मोरीच्या ओल्या फरशीवर दोघी बसल्या होत्या आणि दोघी रडत होत्या. बापाने दार लोटून घेतलं आणि बाहेर थांबून राहिला.