बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी

मित्रांनो, बोरी अरबच्या बाजारात एका लोहाराने पत्रा ठोकून मला घडवले. आता मी जुनी झाले आहे, आणि आज फार रागात आहे.

किसनरावांच्या घरी माझा मोठा मान होता. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणजे मीच. वाळलेली बाभूळ घालून मला अंगणात पेटवत. धूर पुरता सरला, निखारे लाल झाले, की मगच आत नेत. तेव्हाही खिडकी उघडी असे. "शेगडी आहे तं कंबर शाबूत आहे," असे आयाबाया म्हणत.

यंदा किसनरावांची सुरभी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. तिची आई विमलताई लेकीवर जीव टाकणारी, पण घाई फार! खाटेखालीच माझ्यात ओली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, कोंबली. पेटेना, म्हणून वर बियाण्याची रिकामी प्लास्टिकची पिशवी. दारे-खिडक्या घट्ट बंद. मित्रांनो, डोळ्यांना झोंबतो तो धूर निदान कळतो तरी. त्यातले राखेहून बारीक कण दिसत नाहीत, आणि तेच छातीत खोल जाऊन बसतात. तान्ह्या जीवाची छाती ती केवढी!

बाळ खोकू लागले.

"दृष्ट लागली वं माह्या नातीले!" विमलताई म्हणाल्या. मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि टाकल्या कुठे? माझ्यातच! असा ठसका उठला की बाळाचा श्वासच अडकला. ओठ निळे पडले.

"आई, दार उघड!" सुरभी ओरडली.

"वारा लागीन ना बाई तुले!"

"लागू दे! लेकराले श्वास घेता नाही येऊन राह्यला, अन् तू दृष्ट कायची काढून राह्यली?"

तिने बाळ छातीशी धरले आणि स्वतःच दार उघडून अंगणात धावली. किसनरावांनी मला चिमट्याने ओढत बाहेर आदळले. माझा पाय वाकला. वाकू दे! बाळाने मोकळा टाहो फोडला, तशा विमलताई उंबरठ्यावरच बसल्या. "रड वं माय, अजून रड," म्हणत स्वतःच रडू लागल्या. मग सगळे बाळाला घेऊन दवाखान्यात गेले. बाळ वाचले.

देवाने दिलेला श्वास असा कोंडता, आणि दोष दृष्टीला देता? ओले लाकूड नको, प्लास्टिकची पन्नी नको, बंद खोलीत तर निखारेसुद्धा नकोत. आणि मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असे करू लागले, तर लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. उठा आणि आधी दार उघडा.