एक फणी, दोन डोकी

मी एक जुनी लाकडी फणी आहे, आणि खरं सांगते मित्रांनो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. जन्मभर लोकांच्या डोक्यांतून फिरले. तिथे काय काय शिरतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

धानोऱ्याजवळच्या एका गावात बापूजी सुतारांनी मला शिवणीच्या झाडाच्या लाकडातून कोरलं. देवकाबाई लग्न होऊन सासरी आली, तेव्हा तिच्याबरोबर मीही आले. तिचे कमरेपर्यंतचे केस विंचरताना माझे दोन दात गेले, तरी तिने मला टाकलं नाही. पुढे तिची लेक दिव्यानी आणि सून जया याही मलाच घेऊन केस विंचरू लागल्या. अख्ख्या घराला मी एकटी पुरते, याचा मला फार अभिमान वाटे.

गेल्या श्रावणात जया आणि दिव्यानी दोघींना एकदमच हिवताप झाला. ताप उतरला, पण रक्त कमी झालं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोघींना लाल गोळ्या दिल्या. दिवाळीच्या सुमारास दोघींचे केस गळू लागले. माझ्या दातांत रोज गुंतवळ अडकायचं. "मोठ्या तापानंतर असं होतं. गोळ्या घ्या, नीट जेवा, केस आपोआप येतील," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिव्यानीने ऐकलं. जयाला धीर धरवेना. कोणी बघेल म्हणून ती डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नसे.

मग आठवडी बाजारात तिला केसांचं तेल विकणारा भेटला. मी तेव्हा जयाच्या पिशवीत होते. त्याच्या कागदावर एका बाईचे दोन फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. पहिल्यात केस ओले करून चापून बसवलेले, मधोमध भांग. दुसऱ्यात केस कोरडे, फुगवलेले, भांग कुठे दिसतच नव्हता. ही करामत तेलाची नव्हे, माझ्यासारख्याच एखाद्या फणीची होती! मी ओरडलेच असते, पण फणीला दात असतात, जीभ नसते.

"पहाडातली जडीबुटी हाये बाई," तो म्हणाला. "पण पहिले त्या लाल गोळ्या बंद करा. त्याहीची गरमी डोक्यात चढते, मंग तेल लागू पडत नाई."

जयाने तेल आणलं आणि गोळ्या फळीवर टाकून दिल्या. एवढ्यावरच थांबली असती तरी चाललं असतं. शेजारची रंजीता पोटुशी होती, तिचे केस पहिल्यापासूनच विरळ. जयाने तिला अर्धी बाटली दिली, वर तो सल्लाही दिला. रंजीतानेही दवाखान्यातून मिळालेल्या आपल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या सोडल्या. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला.

पौषात जयाच्या कपाळापाशी बोटभर नवे केस उभे राहिले. झालं! तेलाचा गुण आला म्हणून ती गावभर सांगत सुटली. मला मात्र शंका आली. तसेच आखूड केस मला दिव्यानीच्या डोक्यातही लागत होते, आणि तिने तेलाचा थेंबही लावला नव्हता. दोन्ही डोकी रोज तपासणारी मी एकटीच, पण मला विचारतो कोण?

एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी बाटलीतलं तेल तुपासारखं थिजलं. देवकाबाईने ते बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"जया, हे तं टोरीचं तेल हाये वो! मोहाच्या बिया, या टोऱ्या, आपणच येचल्या, आपणच इकल्या. कोणीतरी त्यात रंग-सुगंध टाकून आपल्यालेच इकून राह्यलं. पाह्य, आपल्या मडक्यातलंबी असंच थिजलं."

"पण माय, माये केस तं आले ना?"

"दिव्यानीचेबी आले. तिनं कुठी लावलं हे तेल?"

देवकाबाईने मला उचलून आधी लेकीच्या, मग सुनेच्या केसांतून फिरवलं. "लाव हात. सांग, काय फरक हाये?"

जयाने दोघींच्या केसांना हात लावून पाहिला. काही फरक नव्हता. तिचा चेहरा पडला, आणि मग तिला रंजीता आठवली. रंजीताला दोन दिवसांपासून उभं राहिलं की भोवळ येत होती. गावभर मिरवलेलं आता खोटं पडणार होतं, तरी मला पिशवीत टाकून जया तशीच धावली. त्या दिवशी मला ती फार आवडली.

"रंजीता, माह्यं चुकलं. त्या तेलात काई नाई. चल, दवाखान्यात जाऊ."

दिव्यानीही सोबत निघाली. गडचिरोलीच्या दवाखान्यात रंजीताचं रक्त फारच कमी निघालं. तिला रक्त द्यावं लागणार होतं. मित्रांनो, एक मागणं आहे. अमक्याला गुण आला असं कोणी सांगितलं, तर ज्याने ते औषध लावलंच नाही त्याचं काय झालं, तेही विचारत जा. आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडायला सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. रंजीताला पुढे सुखरूप मुलगी झाली, पण त्या दिवशीचं मी विसरले नाही.

जया सगळ्यांच्या पुढे होऊन म्हणाली, "माह्यं रक्त घ्या." सिस्टरने तिच्या बोटातून थेंब काढून तपासला आणि मान हलवली. "तुमच्यातच रक्त नाही, ताई. तुमचं घेता येणार नाही."

मग रोज गोळ्या घेतलेल्या दिव्यानीने बाही वर केली.