सिप्रियानोची सही

सिप्रियानोच्या डोकं ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या संपून बारा दिवस झाले, तशी बासिलिया धाकट्या भावाच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायला लागली. त्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली होती. झोप नाही, जेवण नाही, तोंडाचा पट्टा नुसता चालू.

एरवी या मिठागराच्या काठच्या गावात त्याच्याइतका थंड डोक्याचा माणूस नव्हता. म्हणून तर गावानं त्याला प्रमुख केलं, शिक्का त्याच्या हाती दिला. मिठागरातल्या कारखान्याच्या कंपनीला पाण्यासाठी गावात दुसरी विहीर हवी होती. दोनदा माणसं आली, दोनदा त्यानं हात जोडून परत पाठवली. "आमची लामा जनावरं काय मीठ चाटून जगतील?" एवढंच म्हणाला होता.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "बाई, लिथियमच्या गोळ्या साऱ्या प्रांतातच नाहीत. मी काय घरी करू?"

लिथियम! कारखान्यात तेच तर निघायचं. बासिलिया तडक उठली आणि मालाच्या ट्रकमधून कारखान्यावर गेली. शेडमध्ये पांढऱ्या भुकटीची पोती छताला टेकली होती.

"साहेब, ओंजळभर द्या. भावासाठी."

इंजिनियर हसला, मग तिचा चेहरा बघून वरमला. "मावशी, हा बॅटरीचा माल. धातू तोच, पण हे औषध नव्हे. गोळीचं मापसुद्धा रक्त तपासून ठरवतात. चिमूटभर जास्त झालं तर माणूस जायचा."

"मग औषधाचं कुठं मिळतं?"

"ते परदेशात बनतं. आपल्याकडून फक्त ही भुकटी जाते."

परतीला ट्रक मिळाला दुसऱ्या दिवशी. गावात शिरताच मांस भाजल्याचा वास आला. सिप्रियानोनं तीन लामा कापून गावजेवण घातलं होतं. तिला बघताच त्यानं मिठीच मारली.

"ताई, गावाचं सोनं केलं बघ! शाळा, रस्ता, सगळं येणार!"

"काय केलंस रे?"

"सही केली. विहिरीच्या कागदावर. शिक्क्यासकट!"

गोळ्या सात आठवड्यांनी आल्या. तो हळूहळू निवला, मग एका सकाळी कागद मागून घेतला आणि ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला. वकिलानं बासिलियाला आधीच सांगितलं होतं, सही रद्द व्हायची तर तो वेडाच्या भरात होता हे सिद्ध करायला त्या दिवसांचा डॉक्टरचा दाखला हवा. डॉक्टर तर तेव्हा गावात फिरकलाच नव्हता.

"मला बांधून का नाही ठेवलंस?" त्यानं विचारलं.

"बांधायला मी घरात होते कुठं? तुझ्याच गोळीसाठी दारोदार हिंडत होते."

कंपनीनं विहीर खणली, आणि दुसरा उन्हाळा येईतो खालचं कुरण पिवळं पडलं. गावानं त्याला दोष दिला नाही, त्याच्याशी बोलणंच सोडलं. सिप्रियानो मात्र आता पूर्ण शुद्धीवर असतो. रोज सकाळी कुरणात जातो, वाळलेला झरा काठीनं उकरून बघतो. बासिलियाच्या मनात कधी कधी पाप येतं, गोळ्या पुन्हा संपल्या तर निदान हसेल तरी.