तोंडावर चांगलं म्हणू नये

धुडकू गुरुजींच्या नातवाचं जावळ काढलं, ते १९९५ साल. आदल्या वर्षी सुरतेत प्लेग येऊन गेला, म्हणून कार्य लांबणीवर पडलं होतं. पर्वत पाटियाच्या मागे, लूमच्या खात्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांच्या, खडखडाटात एक मराठी शाळा होती आणि गुरुजी तिचे हेडमास्तर. प्लेगात माणसं गाठोडी बांधून गावी पळाली, तशी शाळाही ओस पडली. ती पुन्हा भरली कुसुमबाईंमुळे. पहिलीच्या वर्गावरची ही परभणीकडची बाई चाळीचाळीत हिंडली, दारं ठोठावली, एखादं पोर तर कडेवर घेऊन आणलं.

गुरुजींना सगळं दिसत होतं, पण ते कधी बोलले नाहीत. त्यांच्या आधीची आईची सगळी लेकरं पाळण्यातच गेली होती. हे एक जगावं म्हणून तिनं त्याला उकिरड्यावर टाकलं, शेजारणीनं उचलून आणलं आणि नाव ठेवलं धुडकू, म्हणजे धुडकावलेला. खानदेशात अशी नावं पुष्कळ. जे जपायचं त्याला वाईट म्हणायचं, मग काळाची नजर त्याच्यावर ठरत नाही. आई मरेपर्यंत लेकाला चांगलं म्हणाली नाही, आणि लेकाला तिची माया कधी कमी वाटली नाही. गुरुजींनी शाळाही त्याच रीतीनं चालवली.

जावळाच्या पंगतीत कुसुमबाईंकडं बघून व्याह्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"आमच्या शाळेतल्या बाई," गुरुजी म्हणाले. "काही खास नाही. दुसरं कोणी मिळेना, म्हणून चालवून घेतो."

खानदेशी मंडळी हसली. गुरुजी एवढं वाईट बोलतात म्हणजे बाई लाखमोलाची, हे त्यांना कळलं. कुसुमबाईंचा घास मात्र ताटात परत गेला.

सोमवारी त्या गुरुजींच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "गुरुजी, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. घरी साडीला खडे लावायचं काम घेतलंय."

"आणि तुमची पहिली कोण बघेल?"

"मिळेल कोणीतरी. घ्या चालवून." मग त्यांचा आवाज खाली आला. "तिथं शेठाणी निदान 'सारुं छे', चांगलं झालंय, म्हणते. इथं मला रोज वाटतं, माझंच काही चुकतंय. मुलांना खरंच येतं का, तेही आता कळेनासं झालंय."

बाई गेल्यावर शेजारच्या वर्गातले लोटू सर आत आले. "गुरुजी, त्या परभणीच्या. त्यांच्याकडं शिवी म्हणजे शिवीच असते."

घरी गुरुजींनी बायकोला सांगितलं. कलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमना पोटमा काय शे, ते तिले काय ठाऊक? पण तोंडवर चांगलं म्हनू नका. तरनी बाई शे, लेकरंवाळी शे."

गुरुजी आठवडाभर अन्नावरून उठत होते. गप्प बसावं तर बाई जाते. बोलावं तर भलतंच काही व्हायचं.

शनिवारी प्रार्थना झाली, पण त्यांनी मुलांना वर्गात सोडलं नाही. पोरांना पोचवायला आलेले आईबाप फाटकाशी उभे होते, त्यांनाही आत बोलावलं. गुरुजींनी हात मागे बांधले.

"प्लेगनंतर ही शाळा मी उघडली, असं सगळे म्हणतात. मी फक्त कुलूप काढलं. पोरं आणली ती ह्या कुसुमबाईंनी. पहिलीतली पोरगी आज बापाला दुकानाची पाटी वाचून दाखवते, ती ह्यांच्यामुळं. बाई फार चांगलं शिकवतात. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कुसुमबाई पदरानं डोळे पुसत वर्गात गेल्या. दुपारी जाताना दारातूनच म्हणाल्या, "शेठाणीला नाही म्हणून कळवते."

ते दोन महिने शाळेला वेगळंच तेज होतं. बाई गाणी शिकवू लागल्या. लोटू सरांनीही भिंतीवर नकाशा रंगवला, आणि गुरुजींनी त्यांनाही हळूच, इकडंतिकडं बघून, "बरा झालाय" म्हटलं.

पावसाळ्यात वस्तीच्या नळात गटाराचं पाणी शिरलं. घरोघर कावीळ झाली. कुसुमबाईही आजारी पडल्या, त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

"मी काय म्हनेल व्हतं," कलाबाई म्हणाल्या. गुरुजी नकाशाबद्दल मुलांसमोर बोलणार होते, तेव्हा लोटू सरांनी त्यांचा हात धरला. "माझं राहू द्या, गुरुजी. मलाही पोरंबाळं आहेत."

पाणी घाण होतं, सगळी गल्ली आजारी होती, हे गुरुजींना कळत होतं. तरी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्यांनी मनाशी ठरवलं, आज बाईंना वाईटच म्हणायचं. कामचुकार म्हणायचं.

बाईंचे डोळे हळदीसारखे झाले होते. "पहिली कोण घेतंय?" त्यांनी विचारलं.

"मीच. तुमची गाणी मला येत नाहीत. पोरंच मला शिकवतात."

त्या हसल्या आणि वाट बघितल्यासारख्या त्यांच्याकडं पाहत राहिल्या. ठरवलेला शब्द गुरुजींच्या ओठांवर आला आणि तिथंच थांबला. आता हिला असं म्हटलं, तर ही तेच खरं मानून सोबत घेऊन जाईल.

"तुमच्यासारखी बाई ह्या शाळेला मिळाली नव्हती," ते म्हणाले.

कुसुम श्रीरंग ढगे १९९५ च्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या सोमवारी पहाटे, काविळीनं वारल्या.