ओल्या पाठीची थाळी

रविवारी सकाळची शटल कासूला थांबली की निम्मी गाडी महिपतीबुवांच्या अंगणात रिकामी होते, असं लोक म्हणत. निम्मी नसेल, पण त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती हे खरं. पेणपासून रोह्यापर्यंत कुणालाही कुत्रं चावो की कोल्ह्यानं पोटरी धरो, माणूस उठायचा तो थेट इथं यायचा. आठ-दहा जण उन्हात रांगेनं बसवलेले, अंगं उघडी, कपाळं गुडघ्यांना टेकलेली. आणि प्रत्येकाच्या वाकलेल्या पाठीवर एकेक काशाची थाळी चिकटलेली. तिला धरायला हात नाही की बांधायला दोरी नाही. बघणाऱ्यांच्या तोंडाचा आ मिटत नव्हता.

बुवा तांब्यातलं मंतरलेलं पाणी पाठींवर शिंपडत रांगेतून फिरत होते. "पी गो आई, जहर पी, लाळ पी, सात पिढ्यांचं वीख पी," असं एका सुरात चाललेलं. चावल्याला दोन-तीन दिवस आणि पिढ्या सात कशा, हे कुणी विचारत नव्हतं. थाळ्या काशीहून आणल्या असं बुवा सांगत. थाळ्यांच्या बुडावर पेणच्या भांडेवाल्याचं नाव कोरलेलं होतं, पण ती बाजू पाठीला चिकटलेली असायची.

विष आहे तोवर थाळी सुटायची नाही, विष संपलं की आपसूक पडेल, असा त्यांचा कायदा. थाळी खणकन पडली की लोक हात जोडत. मग नारळ ठेवायचा आणि पथ्य ऐकायचं. वांगं नाही, अंडं नाही, सुकट तर नाहीच नाही, आणि जखमेला पाण्याचा थेंब लावायचा नाही.

कुंपणाशी केरू उभा होता. निडीचा हा शेतकरी भाताचं आणि वालाचं पीक घेई. शेजारच्या सरूच्या लेकीला, मालूला, परवा कुत्रं चावलं होतं. सरूचा नवरा कंपनीत शिफ्टला गेलेला. बुवांचं घर ठाऊक असलेला माणूस हवा म्हणून सरूनं केरूला विचारलं, आणि विचारताना तिची मान खाली होती. कारण केरूला हे घर कसं ठाऊक झालं, ते सगळ्या निडीला माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यानं बायकोला, हौसाला, याच अंगणात आणलं होतं. तेव्हा कुत्रं चावल्यावर सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं टोचत, त्या नावानंच माणूस अर्धा व्हायचा. थाळीला सुई नाही. हौसाची थाळी चिकटली, पडली, दोघं हसत घरी गेली. पथ्य संपायला थोडे दिवस उरले होते, तेव्हा हौसाला भाकरीबरोबर सुकट खावीशी वाटली आणि केरूनं बाजारातून आणून दिली. पुढं तिला पाण्याचा तांब्या समोर धरवेना. घोट घेतला की घसा आवळायचा, वाऱ्याची झुळूक लागली तरी ती दचकायची. ती गेल्यावर बुवा म्हणाले, थाळीनं आपलं काम केलं होतं, पथ्य कुणी मोडलं ते घरात विचारा.

घरात विचारायला केरूशिवाय कोण होतं? मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तो एकट्यापुरता भात टाकी, आणि सुकट विकणारी दारावरून गेली की घरात जाऊन बसे. गावानं त्याला तोंडावर कधी काही म्हटलं नाही, पण त्याच्या ओटीवर कुणी बसायलाही येत नव्हतं. माणसाला शिव्या दिल्या तर तो भांडून मोकळा तरी होतो. केरूला कुणी शिव्याही दिल्या नाहीत.

मालूच्या पोटरीचा कुत्र्यानं चांगलाच लचका तोडला होता. त्यात बुवांनी सांगितल्याप्रमाणे मिरचीपूड भरून वर चिंधी बांधलेली. पोर दात आवळून बसली होती. बुवांनी तिच्या पाठीवर पाणी शिंपडलं, थाळी दाबली, आणि ती चिकटली. सरूनं डोळे मिटून हात जोडले.

तेवढ्यात कुंपणाबाहेर स्कूटर थांबली. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शांती मोकल आल्या होत्या. त्याच कुत्र्यानं निडीत एक पारडूही फाडलं होतं. ते बघायला त्या गेल्या, तेव्हा पोरीलाही चावल्याचं आणि तिला इकडं आणल्याचं कळलं, म्हणून त्या तशाच आल्या. त्या सरूपाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते कुत्रं काल मेलं. पिसाळलेलंच होतं. पोरीला आत्ता पेणला न्यायला हवं."

सरूनं बुवांकडं पाहिलं. बुवा हसले. "न्या की. पण थाळी पडल्यावर. मधीच उठवली तर वीख डोक्यात चढंल, मग माझ्याकडं बोट दाखवू नका."

सरू जागची हलेना. डॉक्टरबाईंनी तिची समजूत घातली, पोटातली इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडात देतात असं सांगितलं. सरू मान हलवी आणि थाळीकडं बघे. एका बाजूला डिग्री आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यांसमोर चिकटलेली थाळी. सरूनं कशावर विश्वास ठेवायचा? डॉक्टरबाईंच्या हे ध्यानात आलं. त्या वळून बुवांना म्हणाल्या, "विष असलं तरच थाळी चिकटते ना? मग न चावलेल्या माणसाला लावून दाखवा. नाही चिकटली, तर मी आले तशी परत जाते."

"तसं करता येत नाय. थाळी कोपते. रांगेतलं सगळं वीख त्या मानसात शिरंल."

शेजारी शेजाऱ्याकडं बघू लागला, पण पुढं कोण येणार? ज्याच्या त्याच्या घरी वाट पाहणारं कुणीतरी होतं.

केरूनं सदरा काढला.

"मला लावा," तो म्हणाला. "मला जन्मात कुत्रं चावलेलं नाय. आनि शिरलं वीख, तर माझ्यामागं रडायला कोण हाय?"

तो रांगेच्या टोकाला बसला आणि कपाळ गुडघ्यांना टेकवलं. बुवांनी थाळी उचलायला नकार दिला, तेव्हा डॉक्टरबाईंनीच एक उचलली, तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं आणि थाळी दाबून हात काढला.

थाळी चिकटली.

बुवा म्हणाले, लहानपणी चावलं असंल, इसरला असंल. कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरबाईंनी थाळी सोडवली, केरूची पाठ पंच्यानं खसखसून कोरडी केली आणि तीच थाळी पुन्हा लावली. ती घसरून खणकन खाली पडली. पुन्हा पाठ ओली केली, पुन्हा चिकटली. मग त्यांनी केरूला ताठ बसायला सांगितलं. पाठ उभी होताच थाळी मातीत गेली.

"विष दोनदा आलं आणि दोनदा गेलं का?" त्यांनी लोकांना विचारलं. "पाठ वाकलेली, थाळी सपाट, मधे पाणी. दोन ओल्या काचा एकमेकींना धरतात तशी ती धरते. उन्हानं पाणी सुकलं की पडते. म्हणून तर माणसं उन्हात बसवायची."

"मग आमी बरे कसे झालो?" रांगेतल्या एकानं मान न उचलताच विचारलं. त्याची थाळी अजून पाठीवर होती.

"कारण चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, दादा. साध्या कुत्र्यानं चावलेला थाळीशिवायही जगतो. पिसाळलेल्यानं चावलेला थाळीनं वाचत नाही. पहिला जगला की नाव थाळीचं, दुसरा मेला की खापर पथ्यावर."

केरू अजून खालीच बसला होता. तो बाईंकडं न बघता म्हणाला, "माझ्या बायकोनं पथ्यात सुकट खाल्ली होती. मीच आनून दिली. मग ती पान्याला भिऊन भिऊन गेली."

"सुकटीचा काही संबंध नाही, काका. हा रोग चावल्या जागेपासून नसांमधून मेंदूकडं हळूहळू चढतो, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढ्या वेळात लस शरीराला तयार करते. रोग मेंदूत पोचला, माणूस पाण्याला भ्यायला लागला, की मग कुणाच्याही हातात काही उरत नाही. लस वेळेवर मिळाली असती, तर त्या बहुतेक वाचल्या असत्या."

सहा वर्षांचं ओझं उतरलं म्हणून केरूला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग ध्यानात आलं, की हौसाला मरायचं काहीच कारण नव्हतं. ते पहिल्यापेक्षा जड होतं.

तो उठला आणि मालूच्या पाठीवरची थाळी त्यानं स्वतःच्या हातानं काढली. "चल गो सरू," तो म्हणाला, "मी एकदा वाट बघत बसलो होतो, ही थाळी पडायची."

डॉक्टरबाईंनी बुवांच्याच नळावर साबण मागून घेतला. चिंधी सोडली, मिरची धुतली आणि वाहत्या पाण्याखाली जखम चांगली पाव तास धुतली. पाणी लावू नका, या पथ्यानंच किती जणांचा घात केला असेल, असं त्या पुटपुटल्या. मालू आता मात्र मोठ्यानं रडली. केरूनं तिचा पाय धरून ठेवला होता.

पेणला दवाखान्यात तिच्या जखमेभोवती, लस लागू पडेपर्यंत रोगाला थोपवणाऱ्या सीरमचं इंजेक्शन दिलं आणि दंडात लसीचा पहिला डोस. बाकीचे डोस ठरल्या तारखांना घ्यायचे, जखम बरी दिसली तरी एकही चुकवायचा नाही, असं तिथल्या नर्सनं बजावलं. सरूनं बरोबर आलेल्या डॉक्टरबाईंना विचारलं, तुम्ही रोज कुत्र्यांच्या तोंडात हात घालता, तुम्हाला भीती नाय वाटत? त्या म्हणाल्या, मला चावायच्या आधीच लस टोचून ठेवलीय, आमच्या कामाला ती लागतेच. तरी उद्या चावलं तर मीही जखम धुणार आणि पुन्हा दोन डोस घेणार, फक्त सीरम लागायचं नाही. आधीची लस म्हणजे घराला कुलूप. चोर आला तर उठावं लागतंच.

मालूच्या प्रत्येक तारखेला केरू बरोबर गेला. पोर वाचली, पुढच्या जूनमध्ये शाळेत गेली. सरू आता त्याच्या ओटीवर येऊन बसते. महिपतीबुवांचं अंगण ओस पडलं असं मात्र समजू नका, रविवारी तिथं अजून थोड्या थाळ्या चिकटतात. केरू कुंपणाबाहेर उभा राहतो आणि आत जाणाऱ्याला विचारतो, जखम धुतली का? काही त्याला वेडा म्हणून आत जातात. काही त्याच्याबरोबर पेणची गाडी धरतात.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला अजून शंका असेल, तर त्यानं घरातली सपाट थाळी घ्यावी, कुणाची तरी पाठ ओली करावी आणि स्वतः लावून बघावी. त्याला ना मंत्र लागतो ना कुत्रं. पण कुत्रं खरंच चावलं, तर आधी साबण आणि वाहतं पाणी, आणि त्याच दिवशी दवाखाना. विश्वास कुणावर ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं, फक्त ठरवण्याआधी एकदा तपासून बघावं.

मालूच्या पहिल्या डोसाच्या दिवशी पेणहून परतल्यावर केरू संध्याकाळी घरी आला, दिवा लावला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं बोलला. "सुकटीनं नाय गो हौसा." एवढं एकच सांगायचं होतं, आणि ज्या एका माणसाला सांगायचं, तेच घरात नव्हतं. तिला चावलं त्या दिवशीही पेणचा दवाखाना होता तिथंच होता, आणि उघडा होता.